दापोडी ते एम्प्रेस गार्डन : एका बागप्रेमी संस्थेची वाटचाल

‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही आपली संस्था १८३० सालची. २०३० मध्ये तिला दोनशे वर्षे पूर्ण होतील. हे लांबलचक नाव पुण्यात फार थोड्यांच्या तोंडी आहे. ‘एम्प्रेस गार्डन चालवणारी संस्था’ म्हटले की मात्र लगेच ओळख पटते. त्यात गैर काही नाही. बाग डोळ्यांना दिसते, तिच्यामागची संस्था दिसत नाही. पण दोन शतकांच्या या वाटचालीत संस्थेच्या नावाशी एकाहून अधिक बागा जोडल्या गेल्या. एक हातची गेली, एक दुसऱ्यांच्या स्वाधीन झाली आणि एक आजवर जिवापाड सांभाळली गेली. या इतिहासातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. बाग लावायला हौस आणि पैसा पुरतो. ती टिकवायला नेमाने राबणारी माणसे एकत्र यावी लागतात. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या माणसांचे आणि त्यांच्या कामाचे स्मरण करावे, हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेती आणि बागायतीसाठी संस्था काढण्याची कल्पना हिंदुस्थानात रुजू लागली होती. १८२० मध्ये विल्यम कॅरी यांनी कलकत्त्यात अशी पहिली संस्था काढली. त्यानंतर दहा वर्षांनी मुंबई इलाख्याची पाळी आली. त्या वेळी इलाख्याचे गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. महाबळेश्वरची मालकमपेठ वसली ती त्यांच्याच नावाने. १८२७ ते १८३० या त्यांच्या कारकिर्दीत पुण्याजवळ दापोडीला एका वनस्पती उद्यानाची सुरुवात झाली.

मुळा आणि पवना जिथे मिळतात, तिथले हे दापोडी. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा बंगला आणि बाग इथे होती. ती १८२८ मध्ये सरकारने घेतली. गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम तिथे होऊ लागला आणि आवारात वनस्पती उद्यान उभे राहिले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे त्याची देखरेख आली. गिब्सन पेशाने डॉक्टर. दापोडीला आणि जुन्नर भागातल्या हिवरे येथे त्यांनी औषधी वनस्पतींची लागवड केली आणि लष्कराच्या औषधभांडाराला औषधे पुरवली. पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरावरचे रान तुटले की खालचे ओढे आटतात, हे त्यांनी सरकारला त्या काळात बजावून सांगितले.

दापोडीच्या बागेतली झाडे गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून रंगवून घेतली. तो पोर्तुगीज वंशाचा इथलाच माणूस होता. त्याच्या नावाची नोंद मात्र राहिलेली नाही. ही चित्रे आज स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. १८६० च्या दशकात गव्हर्नरांचे निवासस्थान गणेशखिंडीत हलले, दापोडीची बाग मोडली आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवे वनस्पती उद्यान सुरू झाले. दापोडीचे उद्यान सरकारी होते, संस्थेचे नव्हे. तरीही आपल्या इतिहासाची सुरुवात तिथून करावी लागते, कारण ज्या वातावरणात संस्था जन्मली ते तिथे घडत होते.

शिवडीची बाग आणि ग्रॅहम यांची यादी

संस्थेचे सुरुवातीचे काम मुंबईत होते. शिवडीला तिची बाग होती. तिची व्यवस्था पाहणारे जॉन ग्रॅहम हे मुंबईचे उपमहाडाकपाल. म्हणजे दिवसा टपालाचा कारभार आणि उरलेल्या वेळात झाडांचा. मुंबई आणि परिसरात वाढणाऱ्या वनस्पतींची यादी करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. रानातली झाडे, बागेत आणून लावलेली, परदेशातून नुकतीच आलेली अशी सगळी त्यांनी नोंदवली. पुस्तक छापले जात असतानाच, १८३९ मध्ये, खंडाळ्याला त्यांचे निधन झाले. वय अवघे चौतीसच्या आसपास. उरलेले काम त्यांचे मित्र जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले आणि त्याच वर्षी ग्रंथ बाहेर पडला. पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांना आजही या यादीकडे वळावे लागते.

या घटनेत संस्थेचा स्वभाव दिसतो. वनस्पतिशास्त्र हा ग्रॅहम यांचा पेशा नव्हता, आणि त्यांचे अपुरे काम पुरे करणारेही मित्रच होते. एकाचे राहिलेले दुसऱ्याने उचलायचे, ही रीत संस्थेत तेव्हापासून आहे.

भायखळ्याचा अध्याय

१८६० च्या दशकात मुंबई झपाट्याने वाढत होती. शिवडीची जागा शहराला दफनभूमीसाठी हवी झाली आणि १८६५ मध्ये तिथे दफनभूमी आली. त्याआधीच संस्थेने भायखळ्याला नव्या बागेचा घाट घातला होता. या कामात सर्वांत पुढे होते डॉ. जॉर्ज बर्डवुड. बेळगावात जन्मलेले हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक आणि आपल्या संस्थेचे सचिव होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स खुली झाली आणि त्याच दिवशी आवारातल्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बसवली. संग्रहालयाच्या समितीत जगन्नाथ शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी लाड होते. आज आपण ज्यांना वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, ती हीच ठिकाणे. मुंबईकरांच्या तोंडी राणीची बाग.

भाऊ दाजींचे नाव इथल्या इतिहासात आणखी एका रीतीने कोरले गेले. सोमाली किनाऱ्यावरून आणलेली धुपाची झाडे व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये लावली होती. त्यांचा अभ्यास करून बर्डवुड यांनी १८७० मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एका जातीला त्यांनी फ्रिअर यांचे नाव दिले, ‘बॉसवेलिया फ्रेरीआना’, आणि दुसरीला भाऊ दाजींचे, ‘बॉसवेलिया भाऊदाजीयाना’. दुसरी जात स्वतंत्र नाही, असे मत पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिले. पण एका मराठी विद्वानाच्या नावाने झाड ओळखले जावे असे त्या काळच्या सचिवाला वाटले, ही आपल्या संस्थेसाठी अभिमानाची गोष्ट आहे.

बाग देखणी झाली, पण संस्थेला तिचा खर्च झेपेना. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे गेली आणि संस्थेचे मुंबईतले काम थांबले. उर्वशी, गोरखचिंच, कैलासपती, सीताअशोक अशी तिथली झाडे आज दीडशे वर्षांनंतरही मुंबईकरांना सावली देत आहेत. संस्थेचे हात सुटले तरी बाग जगली, कारण शहराने ती आपली मानली.

पुण्यातील एम्प्रेस गार्डन

पुढचा इतिहास पुण्याचा. लष्कराच्या हद्दीत रेसकोर्सच्या पलीकडे सैनिकांसाठी राखलेली एक बाग होती, सोल्जर्स गार्डन. १८७७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानच्या सम्राज्ञीची पदवी घेतली आणि त्यावरून बागेला ‘एम्प्रेस गार्डन’ हे नाव मिळाले. बागेच्या भाग्याने त्याच दशकात पाण्याचीही सोय झाली. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा कॅम्पाच्या कडेने हडपसरकडे जातो आणि वाटेत या परिसराला ओलावा देतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सदाहरित रानातली झाडे इथे तग धरून आहेत ती या पाण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बाग संस्थेच्या ताब्यात आली आणि तिथून पुढे बाग व संस्था यांचा संसार एक झाला.

पुणे तेव्हा बागायतीच्या अभ्यासाचे केंद्र बनत होते. गणेशखिंडीच्या उद्यानाचे प्रमुख जी. मार्शल वुड्रो सायन्स कॉलेजात शेतीचे वर्ग घेत. हिंदुस्थानातल्या बागकामावरचे त्यांचे पुस्तक अनेक वर्षे बागवाल्यांच्या हाताशी असे. १९०७ मध्ये कृषी महाविद्यालय स्थापन झाले. पुढे गणेशखिंडीतच डॉ. चीमा यांनी फळांवर प्रयोग केले आणि ‘चीमा साहेबी’ या द्राक्षाने त्यांचे नाव घरोघरी पोचवले. अशा शहरात बागप्रेमींची संस्था रुजली यात नवल नाही.

सुमारे ३९ एकरांच्या या बागेत जुने वृक्ष पुष्कळ आहेत, पण पाहुणा आला की त्याला आधी दाखवावी ती गारंबी. ही शेंगेच्या कुळातली महावेल. खोड माणसाच्या मांडीएवढे जाड, पीळ घेत जाणारे. कुठे जमिनीवर लोळते, कुठे शेजारच्या झाडाला वेढे घालून वर चढते आणि एका झाडावरून दुसऱ्यावर पसरते. मूळ कुठे आणि शेंडा कुठे हे सांगताना जाणकारही थबकतो. तिची शेंग हातभरापेक्षा लांब, बियांच्या जागी फुगीर खण पडलेली. आत गर्द तपकिरी, गुळगुळीत, चपट्या बिया. कोकणात ही वेल ओढ्याकाठी वाढते. बी पाण्यात पडले की तरंगत नदीने समुद्राला मिळते आणि कवच कठीण असल्याने दूरच्या किनाऱ्यावर लागून रुजू शकते. शाळेची मुले हे ऐकून बी हातात घेतात आणि सोडायला तयार होत नाहीत.

रोपवाटिका आणि माळ्यांचा हात

संस्थेच्या कामाचा कणा म्हणजे रोपवाटिका. पुण्यातल्या कितीतरी अंगणांतला पहिला गुलाब किंवा जाईचा वेल इथून गेला आहे. इथल्या माळ्यांची विद्या पुस्तकातून आलेली नाही. ती बापाकडून मुलाकडे, जुन्याकडून नव्याकडे आली. गुटी बांधणे, दाब कलम, भेट कलम, आंब्याचे कोय कलम, गुलाबाला डोळा भरणे, प्रत्येकाचा हंगाम ठरलेला आणि हाताची ठेवण वेगळी.

गुलाबाला डोळा भरताना पाहावे. नुकतेच फूल गळून गेलेल्या फांदीवरचा फुगलेला डोळा माळी निवडतो. धारदार चाकूने सालीची छोटी ढलपी डोळ्यासकट काढतो आणि तिच्या पाठीला चिकटलेले लाकूड नखाने अलगद सोडवतो. मग रानगुलाबाच्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत, आडवी आणि उभी अशा दोन चिरा देतो. सालीचे दोन्ही पदर चाकूच्या मागच्या टोकाने उचलतो, ढलपी वरून खाली सरकवतो आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळतो. हे सारे मिनिट-दोन मिनिटांत. डोळा सुकू द्यायचा नाही, म्हणून त्या वेळात बोलणे बंद. दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा आणि टवटवीत दिसला की कलम धरले. मग वरचा खुंट कापायचा. संस्थेचे पदाधिकारी मानद असतात, बदलत राहतात. या हातांची साखळी मात्र तुटू दिलेली नाही. संस्थेच्या इतिहासात त्यांचे स्थान पहिल्या ओळीत आहे, हे इथे ठळकपणे नोंदवले पाहिजे.

जानेवारीचे पुष्पप्रदर्शन

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे वार्षिक पुष्पप्रदर्शन हा संस्थेचा सर्वांत मोठा उपक्रम. पुणेकर ते पाहायला चार दिवस येतात, पण त्याची तयारी पावसाळा संपतो तेव्हापासून सुरू असते. स्पर्धकाच्या डोक्यात तारीख उलट्या बाजूने मोजली जाते. छाटणीनंतर गुलाबाला फूल यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. म्हणून जानेवारीच्या अखेरीचे फूल हवे तर कात्री चालते ती नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबर उजाडताना. थंडी उशिरा पडली की फूल आधी उमलते, कडाका वाढला की कळी अडून बसते. डेलियाच्या बाजूच्या कळ्या वेळेवर खुडाव्या लागतात, तरच मधले फूल ताटाएवढे होते. शेवंतीचे शेंडे पावसाळ्यात खुडून झाड डेरेदार करून घ्यायचे, कारण दिवस लहान होऊ लागले की ती आपल्या मनाने कळी धरते.

प्रदर्शनाच्या पहाटेचे दृश्य तर पाहण्यासारखे असते. उजाडण्यापूर्वी बादल्यांत दांडे बुडवलेली फुले घेऊन मंडळी मांडवात येतात. कोणी मऊ कापडाने पानांवरची धूळ पुसतो, कोणी बाहेरची डागाळलेली पाकळी काढतो, कोणी बाटलीच्या तोंडाशी दांडा सरळ उभा राहावा म्हणून पानाची सुरळी खोचतो. मोठ्या गुलाबाचे परीक्षण होते तेव्हा फूल अर्धे ते पाऊण उमललेले हवे, मधला गाभा उंच आणि नीट वळलेला हवा, रंग ताजा, दांडा ताठ आणि पाने निरोगी हवीत. परीक्षक फिरतात तेव्हा स्पर्धकाचे नाव झाकलेले असते. मोठ्या कंपनीच्या बागेतले फूल आणि चाळीच्या गॅलरीतल्या कुंडीतले फूल एकाच फळीवर, एकाच मापाने तोलले जाते. सोसायटीच्या सगळ्या परंपरांत ही मला सर्वांत मोलाची वाटते.

गुलाबाबरोबर कुंडीतली झाडे, बोन्साय, फुलांच्या रचना, भाजीपाला आणि फळे यांनाही मांडवात मान आहे. गेल्या काही वर्षांत कुंडीतल्या आणि गच्चीवरच्या बागांकडे लोकांचा ओढा वाढला. घरे लहान झाली, अंगण गेले, पण झाडाची हौस गेली नाही. कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद दाभोलकर यांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा यांपासून जिवंत माती करण्याचा मार्ग दाखवला. गच्चीवर ती माती वापरून वांगी, मिरच्या, दुधी घेणारी मंडळी आज शहरभर आहेत. प्रदर्शनात ती भेटतात, बियांची देवघेव करतात, एकमेकांच्या चुका एकमेकांना सांगतात. विकत मिळत नाही असे ज्ञान इथे फुकट वाटले जाते.

मुलांसाठी बाग

संस्थेने मुलांना बागेत आणण्याचे काम मनावर घेतले हे फार चांगले झाले. प्रदर्शनाच्या आगेमागे होणाऱ्या चित्रकला स्पर्धेसाठी शाळाशाळांतली मुले झाडांखाली सतरंज्या घालून बसतात. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी वहीत पाने दाबून घेऊन जातात. प्रयोगशाळेत वाळवलेल्या नमुन्यावरून झाड कळत नाही. साल, वास, खोडाची ठेवण आणि ऋतूबरोबर बदलणारे रूप पाहिले तरच कळते. शहराच्या मध्यात असे वर्ग भरवता यावेत म्हणून तरी ही बाग आपल्याला हवी.

जागेसाठीचा लढा

शहर वाढले की मोकळ्या जमिनीकडे नजरा वळतात. शिवडीला ते दीडशे वर्षांपूर्वी घडले. एम्प्रेस गार्डनच्या वाट्यालाही अलीकडे ते आले. बागेलगतच्या, बागेसाठी राखलेल्या जागेवर सरकारी निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा पुणेकर गप्प बसले नाहीत. बागेत फिरायला येणारे ज्येष्ठ, निसर्गप्रेमी, विद्यार्थी, वर्तमानपत्रे सगळे बोलले आणि २०२० च्या आरंभी तो प्रस्ताव मागे पडला. संस्थेने वर्षानुवर्षे प्रदर्शने भरवली, मुलांना बागेत बसवले, रोपे विकली, म्हणून बाग कोणाची हा प्रश्न आला तेव्हा उत्तर द्यायला हजारो माणसे होती. भायखळ्याची बाग शहराने आपली मानली म्हणून वाचली. एम्प्रेस गार्डनही त्याच कारणाने वाचली.

२०३० कडे जाताना

द्विशताब्दीला फार वर्षे उरलेली नाहीत. समारंभ होतीलच, त्याआधी काही कामे हातावेगळी व्हावीत असे मनापासून वाटते.

पहिले काम झाडांच्या नोंदीचे. ग्रॅहम आणि निम्मो या दोघांनी मुंबईची यादी केली. आपण सगळे मिळून एका बागेतल्या प्रत्येक झाडाची नोंद का करू शकणार नाही? घेर, उंची, फुलण्याचा काळ, शास्त्रीय नाव आणि त्यासोबत ठळक अक्षरांत मराठी नाव. प्रत्येक झाडाला पाटी हवी आणि ती शाळकरी मुलाला वाचता यावी.

दुसरे काम माळ्यांच्या आठवणी लिहून आणि ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे. बागेत हयात घालवलेली माणसे निवृत्त होत आहेत. त्यांना ठाऊक असलेले हंगाम, खतांची प्रमाणे, कोणत्या झाडाला कोणत्या साली काय झाले, हे कोणत्याही कागदावर नाही.

तिसरे, सभासदांच्या सहली. दापोडी, गणेशखिंड आणि एम्प्रेस गार्डन हा टप्पा एका दिवसात होतो, भायखळ्याला दुसऱ्या दिवशी जाता येते. आपल्या संस्थेचा इतिहास पायांनी फिरून पाहता येईल असा आहे, ही सोय फार थोड्या संस्थांना लाभते.

चौथे, दापोडीच्या त्या निनावी चित्रकाराची चित्रे. एडिनबरोच्या उद्यानाशी पत्रव्यवहार करून त्यांच्या प्रतिकृती द्विशताब्दीच्या प्रदर्शनात मांडता आल्या, तर पुण्यात रंगवलेली फुले पुन्हा पुणेकरांसमोर येतील.

आणि शेवटचे, सर्वांत निकडीचे : तरुण सभासद. प्रत्येक जुन्या सभासदाने एका तरुणाला रोपवाटिकेत आणावे, त्याच्या हाती चाकू द्यावा, डोळा भरायला शिकवावे आणि येत्या प्रदर्शनात त्याच्या नावाने एक कुंडी मांडायला लावावी. पहिल्या वर्षी बक्षीस मिळणार नाही, पण दुसऱ्या वर्षी तो छाटणीची तारीख स्वतः मोजू लागेल. नेमाने येणारी माणसे संस्थेला अशीच मिळत आली आहेत, आणि तिसऱ्या शतकासाठीही ती याच वाटेने येतील.